मी खाल्लेले आठ सेकंद

मी कोण बोलतोय, हे सांगायला एकेकाळी मला वीस सेकंद लागायचे. आता घाईत सांगतो. मी लोगो. व्हिडिओ कॅसेट घरी आणून मशीनमध्ये ढकलली, की सिनेमाच्या आधी जे काही चमकत, वाजत, गिरक्या घेत पडद्यावर यायचं, तो मी. तेवढ्यात तुमच्यातलं कुणी पाणी प्यायला उठायचं, कुणी खोलीतला दिवा बंद करायचं, कुणी पोरांना "आता गप बसा" म्हणून दटावायचं. माझ्याकडे कुणी बघायचं नाही. त्याबद्दल माझी तक्रार नाही. मी आज बोलतोय ते माझ्या हातून घडलेल्या एका गोष्टीची कबुली द्यायला.

माझा जन्म पुठ्ठ्यातून झाला. दुकानांच्या पाट्या रंगवणाऱ्या एका पेंटरने काळ्या पुठ्ठ्यावर खिडकी काढली, तिची दोन दारं कापली आणि कापडी पट्टीने परत चिकटवली. मागे टेबलावरचा दिवा ठेवला. दारांना शिवणाचा दोरा बांधला. एक दोरा कंपनीच्या मालकांनी ओढायचा, दुसरा मालकीणबाईंनी. दोघांनी एकदम ओढला तर खिडकी झकास उघडायची. पण मालकीणबाईंना ऐन वेळी हसू फुटायचं, आणि डावं दार नेहमी मागे राहायचं. पाच वेळा घेतलं, पाचही वेळा तेच. शेवटी मालक म्हणाले, "राहू दे. आपल्या घरची खिडकी तरी कुठे धड उघडते!"

पार्श्वसंगीत म्हणजे टेपवाल्या काकांचा माउथ ऑर्गन. हे काका कंपनीचे एकुलते एक तंत्रज्ञ. कॅसेटवरून कॅसेट उतरवणं, तुटलेली फीत जोडणं, मशीनची डोकी, म्हणजे फितीला घासून चित्र वाचणारे आणि टिपणारे भाग, पुसणं, सगळं त्यांच्याकडे. जाड भिंगाचा चष्मा आणि तोंडात कायम बडीशेप. त्यांनी जमेल तसे पाच सूर वाजवले आणि मी पूर्ण झालो. बारा सेकंदांचा, दोऱ्याचा, थोडा तिरका. खरं सांगतो, मी त्याहून चांगला पुन्हा कधीच दिसलो नाही. पण तेव्हा हे कळायची अक्कल नव्हती.

कंपनी सिनेमाच्या कॅसेटी विकायची, तसाच व्हिडिओ कॅमेराही भाड्याने द्यायची. त्याची एक खास पद्धत होती. कॅमेऱ्याबरोबर कोरी कॅसेट जायची, पण अगदी कोरी नाही. तिच्या सुरुवातीला मला आधीच टेप केलेलं असायचं. गिऱ्हाइकाने माझ्या पुढून चित्रण सुरू करायचं. घरगुती चित्रण असलं तरी ते आपल्या खिडकीतूनच दिसलं पाहिजे, ही मालकांची हौस. मग कॅमेरा परत आला, की कॅसेट प्रती काढायला काकांच्या रॅकवर जायची.

असं चांगलं चाललं होतं. मग समोरच्या फुटपाथवर दुसरी कंपनी उघडली. तिचा लोगो सोनेरी अक्षरांचा, पंधरा सेकंद गरगर फिरणारा. मालकांच्या डोक्यात ते बसलं. त्यांनी कॉम्प्युटरवाल्याला गाठून मला नव्याने घडवलं. आता मी ताऱ्यांमधून यायचो, तीन गिरक्या घ्यायचो, दारं धाडकन उघडायची, प्रकाशाचा लोट बाहेर पडायचा आणि कंपनीच्या नावाचं एकेक अक्षर ठणठण करत खाली उतरायचं. पूर्ण वीस सेकंद. काउंटरवरच्या टीव्हीवर मला दिवसभर फिरत ठेवलं होतं. येणारा जाणारा "वा!" म्हणायचा. मी शेफारलो. मला वाटायचं, वीसच का, तीस का नकोत?

मालकांनी फर्मान काढलं, "जुना लोगो कुठेही दिसता कामा नये. रॅकवरच्या एकूण एक कॅसेटवर नवा चढवा."

काका म्हणाले, "गिऱ्हाइकांच्यासुद्धा?"

"सुद्धा म्हणजे? कॅसेट आपली, सुरुवात आपली."

काका कामाला लागले. कॅसेट घालायची, फीत सुरुवातीला आणायची, जुन्यावर मला टेप करायचं, पुढची घ्यायची. रोज साठ-सत्तर कॅसेटी. त्यात एक साधा हिशेब कुणाच्याच ध्यानात आला नाही. जुना मी बारा सेकंदांचा होतो. नवा वीस. सिनेमाच्या कॅसेटींना फरक पडला नाही, तिथे माझ्यानंतर थोडी रिकामी, काळी फीतच असायची. पण घरगुती कॅसेटींत तेराव्या सेकंदाला माणसं सुरू व्हायची. दर कॅसेटमागे मी त्यांचे आठ सेकंद खाल्ले.

त्यांत काय होतं ते मला माहीत नाही. टेप करताना मशीनमधलं जुनं चित्र पुसणारं डोकं माझ्या पुढे चालतं. मी पोचतो तेव्हा जागा साफ झालेली असते. कुणाचं मी काय घेतलं एवढंही मला ठाऊक नाही, आणि हे मला फार लागतं.

एका दुपारी प्रत काढताना काकांचा हात थबकला. पडद्यावर एक बाई खुर्चीत बसली होती. चेहरा ओढलेला, पण केस नीट विंचरलेले, मांडीवर बाहुली. माझ्यानंतर क्षणभर नुसती खरखर झाली आणि मग ती एकदम अर्ध्या वाक्यातूनच उगवली, "...आणि आता मागे व्हा. हं. तर पिल्लू, पहिली गोष्ट वेणी. तीन पेड घ्यायचे, सारखे."

काकांनी फीत मागे घेतली. मी आलो, मी गेलो, ती पुन्हा अर्ध्यातूनच. तिसऱ्यांदा बघून ते मालकांकडे गेले. "मालक, हिचं पहिलं वाक्य कापलं गेलंय. आपला लोगो लांब झालाय."

मालक काही वाईट नव्हते. पण ते वरमले आणि उसनं हसले. "अहो, सुरुवातीला माणसं खाकरतात, पदर सारखा करतात. त्यात काय गेलं असणार? बोलू नका कुठे."

ती कॅसेट गावातल्या घड्याळदुरुस्तीवाल्याची होती. बायकोचं मोठं ऑपरेशन ठरलं होतं. जाण्याआधी तिला सात वर्षांच्या लेकीसाठी चार गोष्टी सांगून ठेवायच्या होत्या, म्हणून त्याने एका दिवसासाठी कॅमेरा नेला होता. घरी बघायला मशीन नव्हतं, त्यामुळे काय टेप झालंय ते त्याने पाहिलंच नव्हतं. कॅसेट न्यायला तो तीन आठवड्यांनी आला. काउंटरच्या टीव्हीवर मी मिरवत होतोच. काका पुढे झाले, तोंड उघडलं, आणि तो म्हणाला, "ती गेली हो. ऑपरेशन टेबलावरच." काकांनी उघडलेलं तोंड मिटलं. त्यांनी कॅसेट कागदात गुंडाळून दिली. तो गेल्यावर त्यांनी वर माझ्याकडे पाहिलं आणि टीव्हीच बंद करून टाकला. त्या दिवसापासून मला स्वतःचा थाट बघवेना.

पुढे त्या घरात मशीन आलं. तिथे मी शेकडो वेळा उघडलो. प्रत्येक वेळी फक्त वीस सेकंद, पण तेवढ्यात माणसं बरंच बोलतात. समोर सतरंजीवर ती मुलगी, मागे स्टुलावर बाप. ती फीत मागे घ्यायची, परत मागे घ्यायची. त्यामुळे मीच मी दिसायचो.

"बाबा, आई आधी काय म्हणाली?"

"आठवत नाही गं."

"तुम्हीच तर होतात ना कॅमेऱ्यापाशी?"

"माझ्याच हातून बटण उशिरा दाबलं गेलं असेल."

मी समोर तारे उधळत होतो. ओरडून सांगावंसं वाटायचं, की त्याने नाही, मी. पण माझ्याकडे ठरलेल्या आवाजाखेरीज दुसरा आवाजच नाही.

मुलगी मोठी झाली तशी तिची जीभही धारदार झाली. एकदा, तेव्हा ती कॉलेजात असेल, ती त्याच्याकडे न बघताच म्हणाली, "सगळ्या गावाची घड्याळं वेळेवर चालवता, आणि आईच्या वेळेला उशीर." तो स्टुलावरून उठून आत गेला. पुढच्या वेळी मी उघडलो तेव्हा स्टूल रिकामं होतं. मग ते तिथे कधी दिसलंच नाही.

माझं म्हणाल तर मी पुढे आणखी नटलो. ढगांमधून आलो, चोरून प्रती काढू नका म्हणून लोकांना दम दिला. मी, ज्याने स्वतः लोकांच्या कॅसेटींत हात घातला होता! मग कॅसेटींच्या जागी सीडीच्या चकत्या आल्या, लोकांचा धीर संपला, मी सात सेकंदांवर आलो. मग तीन. शेवटी तर पडद्याच्या कोपऱ्यात शिक्क्याएवढा उरलो. कंपनी बंद झाली. काका त्याआधीच निवृत्त झाले होते. मनात ठेवलेलं त्यांनी कुणाला सांगितलं की नाही, मला माहीत नाही.

गेल्या महिन्यात मी पुन्हा उघडलो. जुन्या कॅसेटी कॉम्प्युटरवर उतरवून देणाऱ्या एका बाईंचं दुकान. शेजारी तीच मुलगी बसलेली. आता तिच्या केसांत पांढरे दिसत होते. मी वाजलो, खरखर झाली आणि बाईंनी मला जागच्या जागी थांबवलं. इतका वेळ कुणी मला पडद्यावर धरून ठेवल्याचं आठवत नाही.

"ताई, हे वरून टेप केलंय."

"म्हणजे?"

"ही खरखर बघा. कॅमेऱ्याने चालू केलेलं चित्र असं सुरू होत नाही. सुरुवातीचं पुसून गेलंय. या कंपनीच्या घरगुती कॅसेटींत मला हे नेहमी सापडतं. यांचा जुना लोगो बारा सेकंदांचा होता, हा वीसचा. वरचे आठ तुमचे गेले."

ती बराच वेळ माझ्याकडे बघत राहिली. चाळीस वर्षांत प्रथमच माझ्याकडे कुणीतरी खरंखुरं पाहत होतं, आणि मला पडद्यावरून पळून जावंसं वाटत होतं. मग तिने फोन काढला. तो टेबलावर ठेवून तिने स्पीकर लावला.

"बाबा, जेवलात?"

"हो. का गं?"

"बाबा, तुम्ही उशीर नव्हता केलात. कंपनीने लोगो चढवताना आईचे आठ सेकंद पुसले. बटण तुम्ही वेळेवर दाबलं होतं."

पलीकडून म्हाताऱ्याचा आवाज आला, "नक्की ना? नीट बघितलंस?"

"इथल्या बाईंनीच दाखवलं."

"म्हणजे तिचं बरोबर होतं."

"कुणाचं?"

"तुझ्या आईचं. अगं, मला आठवतंय सगळं. मी कॅमेऱ्यावरचा, चित्रण चालू असल्याचा लाल दिवा लागला का विचारलं, तर ती म्हणाली, 'लागला हो लागला. पिल्लू, बघ गं, तुझ्या बाबांना कॅमेरा जमला एकदाचा. शाबास, आणि आता मागे व्हा.' पुढे कॅसेटमध्ये ते नाही म्हटल्यावर मला वाटलं, तिलाच चुकून दिवा दिसला असेल. बरं नव्हतं तिला. तुला सांगितलं असतं तर तू म्हणाली असतीस, आईने चुकीचं सांगितलं. गेलेल्या माणसावर कशाला ठपका? त्यापेक्षा माझ्यावर बरा."

मुलीने तोंडावर हात धरला. बाईंनी उगीचच कॉम्प्युटरची वायर नीट करायला घेतली. मी तिथेच उभा, उघड्या खिडकीसकट, सगळ्या दिव्यांसकट. शरमेने मरून जाणं म्हणजे काय ते मला त्या टेबलावर कळलं. मी खाल्लेल्या आठ सेकंदांत एका बाईने नवऱ्याला शाबासकी दिली होती. तिची शेवटची शाबासकी असेल ती. आणि त्या जागी मी त्याला आयुष्यभराचा ठपका दिला.

"बाबा, मी येते आत्ता," ती म्हणाली. "तुम्हाला इथे घेऊन येते. ते तसंच्या तसं म्हणाल?"

"माझ्या आवाजात? कसंतरीच वाटेल गं."

"वाटू दे."

दुसऱ्या दिवशी सकाळी तो आला. इस्त्रीचा शर्ट, हातात काठी. बाईंनी माझे शेवटचे आठ सेकंद कापले, अक्षरं उतरतात तो सगळा भाग. मला जराही दुखलं नाही. उलट इतकी वर्षं दुसऱ्याच्या घरात पाय पसरून बसलो होतो, तो उठल्यासारखं वाटलं. मग काळ्या पडद्यावर म्हाताऱ्याचा आवाज आला, अडखळत, मधेच लाजून हसत, आणि "मागे व्हा" म्हणताना त्याच्या आवाजात तिचा आवाज मिसळला. मुलीने त्याचा हात घट्ट धरला होता. ती त्याला म्हणाली, "मला माफ करा, बाबा." मीही तेच म्हणालो. पण ते कुणाला ऐकू गेलं नाही.

ही झाली एक कॅसेट. त्या दिवसांत काकांच्या रॅकवर घरगुती कॅसेटी किती होत्या, देव जाणे. कुणाच्या बाळाचा पहिला शब्द, कुणाच्या आजोबांनी मारलेली हाक, काहीही असेल. त्या घरांत मी अजून पुरे वीस सेकंद गाजवतो आहे, आणि तिथे अजून कुणीतरी कुणालातरी बोल लावतं आहे.

म्हणून तुमच्याकडे एक मागणं. कपाटात अशी कॅसेट असेल, आणि तिच्यातली माणसं अर्ध्या वाक्यातून बोलायला लागत असतील, तर कॅमेरा कुणी धरला होता ते आठवा. ते माणूस अजून तुमच्यात असेल, तर त्याच्याजवळ जाऊन बसा आणि सुरुवातीला काय झालं होतं ते विचारा. फक्त रागावून विचारू नका.