फुल फ्रेमच्या कडेला

या मित्रांनो, जवळ या. अजून जवळ. काचेला नाक लागलं तरी चालेल, दुकानदार आत फोनवर बोलतोय. तुमच्याबरोबरची मोठी माणसं बाहेर माझ्या किमतीवरून आपसात हुज्जत घालताहेत, ती आटोपेपर्यंत मी तुम्हाला एक कथा सांगतो. कथा खरी आहे. गोड नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

मी एक जुना कॅमेरा आहे. माझ्या पुढ्यात चिकटवलेली चिठ्ठी वाचलीत ना? 'फुल फ्रेम. चालू स्थितीत. किंमत बोलून ठरवू.' तीन वाक्यांत माझा सगळा जन्म आटोपला. पण चिठ्ठी लिहिणाऱ्याला काय ठाऊक!

माझ्या पोटात सेन्सर आहे. सेन्सर म्हणजे येणारा प्रकाश झेलणारी पाटी. साध्या कॅमेऱ्यांत ती लहान असते, माझ्यात मोठी आहे, म्हणून आम्हाला फुल फ्रेम म्हणतात. आता आमच्यातही थोरले-धाकटे असतात बरं का. थोरल्या भावंडांना दणकट अंग, चपळ शटर, कार्ड ठेवायला दोन कप्पे. मी सर्वांत धाकटा. मला हलकं प्लास्टिकचं अंग आणि एकच कप्पा. हौस मोठी आणि खिसा लहान, अशा माणसांसाठी मला घडवलं होतं.

म्हणून दुकानात मी सर्वांत स्वस्त होतो. आणि ज्यांच्या घरी गेलो, त्यांच्या घरात सर्वांत महाग.

माझे मालक फोटोग्राफर होते. पुढच्या खोलीत स्टुडिओ, मध्ये पडदा, मागच्या खोलीत संसार. पडदा सरकवला की शिजणाऱ्या भाताची वाफ थेट माझ्या भिंगावर यायची. घरात माणसं तीन: मालक, त्यांची बायको आणि मुलगी. बायकोचा पुढचा एक दात पडला होता. नवा बसवायला पैसे बाजूला ठेवले होते. ते पैसे, आणि आणखी बरंच काही, माझ्यावर गेलं.

"अगं, पण तुझा दात?" मालकांनी विचारलं होतं. विचारलं होतं, हे मी नाकारत नाही.

"अहो, दाताशिवाय हसता येतं. कॅमेऱ्याशिवाय तुमचा स्टुडिओ कसा चालायचा?" ती म्हणाली. "फक्त माझा एक छान फोटो काढा. तोंड मिटून बसेन, म्हणजे तुमच्या फुल फ्रेमला भोक दिसायचं नाही."

"पहिला फोटो तुझाच!"

ऐकलंत ना? पहिला फोटो तुझाच. हे शब्द धरून ठेवा, कथा त्यांच्यावरच चालणार आहे.

पण पैसे सगळे माझ्या अंगावर संपले. माझ्या तोलाची लेन्स घ्यायला काही उरलं नाही. मालकांनी जुन्या, लहान कॅमेऱ्याची लेन्स एक कडं लावून माझ्या तोंडाला बसवली. मुलीला स्टुलावर बसवलं. बायको कडेला थर्माकोलची पांढरी शीट धरून उभी राहिली. दिव्याचा प्रकाश त्या शीटवर आपटून चेहऱ्यावर मऊ पडतो, म्हणून ती धरायची. जन्मभर धरली.

"तुझा नंतर काढतो, आधी उजेड कसा पडतोय ते बघू दे," असं म्हणत मालकांनी बटण दाबलं.

फोटो आला तो असा: मध्ये मुलगी लख्ख, आणि चारी बाजूंना काळोख. जणू नळीतून पाहिलंय! मोठ्या भिंतीवर छोट्या टॉर्चचा गोल पडावा, तसं झालं होतं. त्या काळोखात, डाव्या कडेला, अंधूक ती दिसत होती. लेक तोंड वेडंवाकडं करत होती म्हणून ती शीटमागून हसत होती, आणि सवयीने दातावर हात नेत होती.

मालकांनी घाबरून विक्रेत्याला फोन लावला. तो पलीकडून मोठ्याने हसला. "साहेब, पागोटं हत्तीचं आणि डोकं बकरीचं झालंय तुमचं! आत एक सेटिंग आहे, ते चालू करा. कडा आपोआप कापल्या जातील."

"म्हणजे मधलाच भाग राहणार?"

"मधलाच. नवी लेन्स घेईपर्यंत."

मालकांनी सेटिंग चालू केलं. आणि तो काळ्या कडांचा फोटो बिघडलेला म्हणून पुसून टाकला. मित्रांनो, माझ्या आयुष्यात तिचा चेहरा दिसला असा तो एकच फोटो होता.

देवाने माणसाला दोन डोळे दिले आणि एकाचीही पावती फाडली नाही. त्या डोळ्यांच्या चौकटीला कडाही ठेवल्या नाहीत. बघावं तितकं दिसतं. आणि माणूस काय करतो? एक डोळा मिटतो आणि दुसरा माझ्या बघायच्या खिडकीला लावतो.

मग वर्षं सुरू झाली. बाहेर पाटी लागली, 'आता फुल फ्रेममध्ये!' माझ्या पोटातली अर्ध्याहून अधिक पाटी कोरी राहत होती, हे कोणाला कळणार? पण मी कामाचा होतो, खोटं कशाला बोलू. पासपोर्टचे फोटो, नवी जोडपी, रडकी बाळं, निवृत्त होणारे कारकून, सगळे माझ्यासमोर बसले. लोक मालकांना म्हणायचे, "तुमच्या फोटोत माणूस खरा हसतो हो! कॅमेरा भारी दिसतोय."

मालक म्हणायचे, "फुल फ्रेम आहे!"

हसवत कोण होतं? मी? मला डोळासुद्धा मिचकावता येत नाही. कडेला ती होती. "काका, कर्ज मागायला बसलाय का? खांदे सोडा की!" "ताई, नवरा शेजारी बसलाय, डॉक्टर नाही. जरा टेका त्याला." लोक फसकन हसायचे, तिच्याकडे बघायचे, आणि तेवढ्यात मालक बटण दाबायचे. माझ्याकडचे सगळे चांगले फोटो बघा: माणसांची नजर माझ्याकडे नाहीच, जराशी कडेला आहे.

अधूनमधून ती विचारायची, "अहो, माझा राहिला हं."

"नवी लेन्स येऊ दे गं. ह्या लेन्सवर काय काढायचा? तुझा फोटो पूर्ण फ्रेमवर काढायचाय मला."

प्रेमाने म्हणायचे, हो. त्यात लबाडी नव्हती. तेच तर मला अजून सलतं. लबाड माणूस निदान विसरतो तरी. हा माणूस आठवणीने पुढे ढकलत होता.

अखेर लेन्स आली. चांगली, वजनदार, माझ्या तोलाची. त्या दिवशी मी पहिल्यांदा माझ्या चारी कोपऱ्यांनी जग पाहिलं. तिने केस विंचरले, साडी बदलली, पडद्याआडून बाहेर आली. आणि दारात एक कुटुंब उभं! आजोबा, सुना, नातवंडं, सगळे नटूनथटून.

"यांचं उरकतो. पाच मिनिटं," मालक म्हणाले.

तिने बदललेल्या साडीतच शीट उचलली. नवी लेन्स रुंद बघत होती, कडेपर्यंत बघत होती. मालक खिडकीला डोळा लावून ओरडले, "अगं, कडेला येतेस! मागे सर."

ती मागे सरली.

"अजून. कोपर दिसतंय."

अजून सरली. कुटुंब गेलं तेव्हा दुसरं आलं. संध्याकाळी ती हसत म्हणाली, "पहिला तर गेला. आता दुसरा-तिसरा कधी काढाल तेव्हा काढा," आणि साडी बदलून भात टाकायला गेली.

त्यानंतर कुठलं कारण उरलं नव्हतं. लेन्स होती, फ्रेम होती, बाई समोर होती. तरी राहिलंच. रोज एकच शब्द ऐकू यायचा: मागे सर. मागे सर. मागे सर.

आणि एके दिवशी ती खरोखरच मागे सरली. आजार फार लांबला नाही. दवाखान्यात मालकांनी मला पिशवीतून नेलं होतं. पिशवीची चेन उघडताना तिने पाहिलं आणि मानेने 'नको' म्हटलं. "असल्या अवतारात नको. घरी गेल्यावर," ती म्हणाली. पुढे ढकलायला ती मालकांकडूनच शिकली होती. घरी आली नाही.

भिंतीवर लावायला फोटो हवा होता. लेक, आता मोठी झालेली, म्हणाली, "बाबा, आईचा एखादा चांगला द्या. मोठा करून घेऊ."

मालकांनी सगळं साठवलेलं उघडलं. किती माणसं निघाली! हसणारी, लाजणारी, रडता रडता हसलेली. ती नव्हती. एका सुट्टीच्या दिवशीच्या फोटोत कुठेतरी मागे तिचा पदर होता, बस. मालक वेड्यासारखे बघत राहिले. मग एका लहान मुलीच्या फोटोवर ते थांबले. तिचा डोळा संगणकाच्या पडद्यावर मोठा केला. अजून मोठा. तुम्हाला ठाऊक आहे का, दिव्यासमोर बसलेल्या माणसाच्या बुबुळात एक पांढरा ठिपका चमकतो? समोर जे उजळ असतं, त्याचं ते प्रतिबिंब. त्या मुलीच्या बुबुळात पांढरा चौकोन होता. थर्माकोलची शीट. आणि शीटच्या वर, लांब, फार लांब, काहीतरी गडद.

"ही बघ," मालक म्हणाले. "हीच. हे डोकं. मान अशीच कलती करायची ती."

लेकीने बराच वेळ पाहिलं. मग हळूच म्हणाली, "बाबा, हा ठिपका आहे."

शेवटी तिच्या ओळखपत्रावरचा फोटो मोठा करून लावला. कुठल्याशा कार्यालयातल्या यंत्राने काढलेला, ओठ घट्ट मिटलेले, मोठा केल्याने चेहरा ठिपक्याठिपक्यांत फुटलेला. भेटायला आलेले लोक दारातून बाहेर पडताना कुजबुजले, "फोटोग्राफरच्या घरी असला फोटो?" मालकांनी ते ऐकलं. दुसऱ्या दिवशी बाहेरची पाटी उतरली.

मग मी इथे आलो. दुकानदाराने मला उलटंसुलटं केलं. "शटर मारून मारून झिजलंय. मॉडेलही सगळ्यात खालचं. लेन्स मात्र नव्यासारखी आहे, नीट जपलेली दिसतेय."

"द्या काय द्यायचं ते," मालक म्हणाले. त्यांनी घासाघीस केली नाही.

ऐका, बाहेरची हुज्जत संपत आली. कोणी मला महाग म्हणतंय, कोणी म्हणतंय एवढ्यात फुल फ्रेम म्हणजे फुकटच. दोघांनाही काही माहीत नाही. माझ्या किमतीत एक दात होता, तो कुठल्याच पावतीवर नाही.

मित्रांनो, मला घ्या किंवा नका घेऊ. माझी लेन्स पुसा किंवा धूळ खाऊ द्या. पण उद्या कोणी तुमचा फोटो काढला, तर तो मोठा करून स्वतःच्या डोळ्यात बघा. पांढरा ठिपका दिसेल. त्याच्या मागे कोणीतरी उभं असतं, हात भरून आले तरी उजेड तुमच्यावर टाकत असतं. जमलं तर त्याला म्हणा, पुढे ये. आणि पुढे बोलवायला उशीर झाला असेल, तर माझ्या मालकांच्या बायकोची आठवण ठेवा. मान कलती करून हसायची. दातावर हात न्यायची.

तिचा फोटो नाही. म्हणून तुमच्याकडे ही आठवण मागतोय.