दोनशे दहावी फेरी

प्रफुल्लनं इअरप्लगचं पाकीट विष्णूच्या हातावर ठेवलं आणि तो आपल्या टीमच्या माणसांत निघून गेला. त्यानं ते न उघडताच खिशात टाकलं. आजवर जो काही मान मिळाला तो या कानांमुळेच, ते कसले बंद करायचे.

न्यू हॅम्पशरच्या त्या लंबगोल ट्रॅकवर तीनशे फेऱ्यांची शर्यत सुरू झाली. चाळीसएक गाड्यांच्या आवाजानं छाती हादरत होती. प्रफुल्लच्या टीमची पिवळी गाडी समोरून गेली की विष्णूच्या पोटात दुखायचं. तिच्यातलं इंजिन प्रफुल्लनं स्वतः जुळवलेलं, पहिलंच. आज ते शेवटपर्यंत टिकलं, तर पुढच्या सीझनची सगळी इंजिनं त्याच्या हाती येणार होती.

नागपूरच्या कॉलेजात हाच प्रफुल्ल विष्णूच्या मागेमागे असायचा. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनाला आणि मूठ कानाला लावून आतलं दुखणं कसं ओळखायचं, हे त्याला विष्णूनंच शिकवलं. पुढे दोघं पाठोपाठ अमेरिकेत आले. विष्णूनं श्रूजबरीजवळच्या कंपनीत पंप तपासायची नोकरी धरली आणि सात वर्षं तिथेच चिकटला. प्रफुल्ल शर्यतींच्या नादानं वणवण हिंडला, लोक त्याला हसले. आता तिथल्या मराठी मंडळाच्या अंकात त्याचाच फोटो आला होता आणि विष्णूच्या बायकोनं, सुमेधानं, तो कौतुकानं फ्रिजवर लावला होता. रोज दूध घ्यायला फ्रिज उघडताना विष्णूला प्रफुल्लचं दर्शन घडायचं.

दोनशे दहाव्या फेरीला विष्णूला ते ऐकू आलं. वळण संपवून पिवळी गाडी झेपावली, तेव्हा त्या गर्जनेखाली एक बारीक टकटक होती. व्हॉल्वची स्प्रिंग तुटायला आली होती. हेडफोन चढवून उभ्या असलेल्या टीममध्ये कुणालाच ते कळणं शक्य नव्हतं. प्रफुल्ल वीस पावलांवर होता. जाऊन त्याचा खांदा हलवला असता, तर रेडिओवरून ड्रायव्हरला दमानं घ्यायला सांगता आलं असतं. नंबर गेला असता, पण इंजिन वाचलं असतं.

विष्णू एक पाऊल पुढे झाला. तेवढ्यात प्रफुल्लनं वळून पाहिलं आणि खुशीत अंगठा वर केला. तो अंगठा विष्णूला झोंबला. एवढा मोठा इंजिनवाला झालाय ना, मग बघू दे त्याचं त्याला, असं मनाशी म्हणत तो जागीच थांबला आणि फेऱ्या मोजत राहिला.

दोनशे अडतिसाव्या फेरीला पिवळ्या गाडीच्या मागून पांढरा धूर निघाला. विष्णूला वाटलं होतं, आता बरं वाटेल. पण तसं काही झालं नाही.

गर्दी पांगल्यावर प्रफुल्ल आला. हात काळे झालेले. पुढची इंजिनं बॉस बाहेरून मागवणार आहे, हे त्यानं हवापाणी सांगावं तसं सांगितलं. मग खाली बघत म्हणाला, "मिस्टेक माझीच बे. सकाळी तुला प्लग्ज दिले मी. नसते दिले, तर तू नक्की कॅच केलं असतंस."

विष्णूचा हात खिशात होता.

"हो ना," तो म्हणाला. "काहीच ऐकू आलं नाही."

"असू दे यार. नीट ड्राइव्ह कर. जय भीम."

"जय भीम."

पार्किंगमध्ये विष्णू गाडीत बसला. काचा वर केल्या, खिशातलं पाकीट फाडलं आणि दोन्ही प्लग कानांत खोलवर बसवले. मग किल्ली फिरवली. इंजिन सुरू झालं की नाही, हे त्याला डॅशबोर्डवरच्या काट्याकडे बघून समजून घ्यावं लागलं.