माझी कललेली रेघ

मित्रांनो, मी एक जुना वर्णपटमापक आहे. नाव जड असलं तरी काम सोपं. औषध मिठात खलून, दाबून केलेल्या चकतीतून मी डोळ्यांना न दिसणारे अवरक्त किरण सोडतो आणि कोणते किरण अडले ते रेघेनं सांगतो. रेघेतल्या खळग्यांवरून औषध शुद्ध की भेसळीचं ते कळतं. खळगे सोडले तर रेघ सपाट हवी. तिला बेसलाइन म्हणतात. तीच माझी अब्रू!

कारखान्यात वर्षानुवर्षं माझा शब्द शेवटचा होता. मग अचानक माझी रेघ डावीकडे घसरू लागली. नवे साहेब संगणकाचं बटण दाबून ती सरळ करून घेत. एकदा त्या बटणानं घसरणीबरोबर एक छोटा खरा खळगाही पुसला. ते लक्षात येताच साहेब हादरले आणि खापर माझ्या माथी फुटलं.

"म्हातारं झालंय यंत्र. भंगारात काढा."

मी फार घाबरलो. तेवढ्यात जुन्या रसायनतज्ज्ञ, ज्यांना सगळे आत्या म्हणत, पुढे आल्या. "थांबा हो! चोर सोडून संन्याशाला फाशी नको."

त्यांनी माझ्यात तपासणीची प्लास्टिकची पट्टी ठेवली, जिची रेघ कशी यायला हवी ते आधीच ठाऊक असतं. मी जीव ओतून काम केलं. रेघ अगदी सपाट!

"यंत्र धडधाकट आहे. खोट चकतीत आहे," आत्या म्हणाल्या. "औषध मिठात नीट खललं नाही, तर जाड कण किरण उधळतात आणि रेघ कलते."

"पण आम्ही नेहमीएवढंच खलतो," साहेब म्हणाले. "चहाच्या किटलीला उकळी येईपर्यंत. इथली पद्धतच आहे ती!"

आत्यांनी कोपऱ्यात पाहिलं आणि त्यांना हसू आवरेना. "अहो, किटली नवी आलीय ना? ही निम्म्या वेळात उकळते!"

मग त्यांनी खल पुढ्यात ओढला. कण बोटाला लागेनासे होईपर्यंत त्या खलत राहिल्या. नवी चकती आत गेली, आणि रेघ ताणलेल्या दोरीसारखी सरळ आली. तो छोटा खळगाही जागच्या जागी! प्रयोगशाळेत टाळ्या पडल्या. साहेबांनी माझ्या पाठीवर थाप मारली. "चुकलो रे बाबा." माझी छाती अशी फुगली म्हणून सांगू!

मित्रांनो, बटण वाईट नाही, पण आधी कारण शोधा आणि मगच बटणाला हात लावा. आणि कुणी जुनं चुकतंय असं वाटलं, तर त्याला टाकण्याआधी एवढंच बघा, की आपण त्याच्या हाती काय दिलं होतं.