तीनदा थुंकी

"डोळ्यांत बघ माझ्या, मेल्या!" आईचा चाळीस वर्षांपूर्वीचा आवाज स्त्रातिसला पुन्हा ऐकू आला, कारण त्याची थोरली बहीण एवान्थिया आज त्याच्या लेकीची हनुवटी धरून तेच म्हणत होती.

आठ वर्षांची मिर्सिनी मान वळवून त्यांच्या ग्रीक बेटावरच्या बोटींच्या वेळा पुटपुटत होती. तिला अ‍ॅस्पर्जर, म्हणजे सौम्य स्वमग्नता आहे, नजर भिडवणं तिला जड जातं, तिच्या कलाने घ्या, असं शाळेतल्या बाईंनी परवाच समजावलं होतं.

"बाईंना काय कळतंय! दृष्ट लागलीय पोरीला." एवान्थियाने दृष्ट उतरवायला वाटीतल्या पाण्यात तेलाचे थेंब सोडले आणि पोरीच्या तोंडावर थुंकली. "फ्तू, फ्तू, फ्तू!"

कोमट, कांद्याच्या वासाची थुंकी. मिर्सिनी कान झाकून किंचाळली. लहानपणी अशीच थुंकी स्त्रातिसच्याही गालावरून ओघळली होती, आणि त्याने ती मुकाट पुसली होती.

"धर रे तिला घट्ट, अजून एकदा करते."

त्याने रुमाल लेकीच्या हातात दिला. दुसऱ्याने पुसलेलं तिला चालत नसे.

"पुरे, ताई. किळस येते मला. तेव्हाही यायची. दृष्टबिष्ट काही नाही, माझ्यावर गेलीय ती. तुझ्याही डोळ्यांत मी कधी पाहिलं नाही गं. आजवर भुवयांकडेच बघत आलोय."