पुढचं डावं चाक

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहा वाजता कानिफनाथ म्हसे याच्या मोटारीचं पुढचं डावं चाक निखळलं. मोटार साडेपाच इंच लांबीची होती. ती देवळाली प्रवरात त्याच्या घरातल्या कोनाड्यात उभी होती आणि अकरा वाजता तिला नगरला एका साहेबाच्या टेबलावर उभं राहायचं होतं. एस.टी. आठची होती.

कानिफनाथनं चाक उचललं. ते पाघळलं होतं. एका बाजूनं चपटं, चिकट, बोटाला धागे येतील असं. चाकाखाली अर्धं लिंबू होतं, आणि लिंबाच्या सालीला चाकाचा काळा रंग लागला होता.

"रतन!" तो ओरडला. "कुणी सांगितलं होतं तुला हे अडाणी धंदे करायला?"

रतनबाई चुलीपुढून उठून आली. तिनं चाक पाहिलं, मग लिंबू पाहिलं. लिंबू तिनं उचलून उलटंसुलटं केलं.

"मी न्हाई ठेवलं."

"मग काय मोटारीनं आणलं?"

"मी ठेवलं असतं तर हळदकुंकू लावल्याबिगर ठेवलं असतं व्हय?" ती म्हणाली. "हे बघा. कोरडं हाय."

लिंबू कोरडंच होतं. ते कोणी ठेवलं होतं, हे त्या घरात एकाच माणसाला पक्कं ठाऊक होतं, आणि तो माणूस ओरडत होता.

मोटार सात महिन्यांची होती. त्या साली, म्हणजे एकाहत्तरच्या फेब्रुवारीत, नगरच्या एका मिशन बंगल्यातलं अमेरिकन कुटुंब मायदेशी परतलं आणि त्यांच्या सामानाचा लिलाव झाला. लोकांनी पलंग घेतले, कपाटं घेतली. साखर कारखान्याच्या वर्कशॉपात फिटर असलेल्या कानिफनाथनं तीन फाटकी खोकी घेतली. त्यांत प्लॅस्टिकच्या छोट्या मोटारींचे सुटे भाग होते, आणि एकाही खोक्यातली मोटार पुरी नव्हती. एकात जुन्या फोर्डचं धूड होतं, पण इंजिन नव्हतं. दुसऱ्यात ट्रकचं इंजिन आणि ट्रकची चाकं. तिसऱ्यात शर्यतीच्या गाडीची चार चाकं, पुढची बारकी, मागची दांडगी. तळाशी एक इंग्रजी मासिक होतं. त्यातल्या एका चित्रावर कानिफनाथची नजर बसली ती बसलीच. जुनी मोटार, बॉनेट काढून टाकलेलं, आत न मावणारं इंजिन उघडं, नाक जमिनीला टेकलेलं, ढुंगण वर. खाली लिहिलं होतं, हॉट रॉड.

तीन खोक्यांतून त्यानं ती एक मोटार उभी केली. ट्रकचं इंजिन फोर्डात बसेना, तेव्हा त्यानं मधली भिंत कापली. धुराच्या नळ्या बॉलपेनच्या रिफिलींच्या केल्या, पुढची जाळी चहाच्या गाळणीची, समोरची काच एक्स-रेच्या फिल्मची. प्लॅस्टिक चिकटवायचं सोल्यूशन मिळेना, म्हणून सुटे भाग ज्या प्लॅस्टिकच्या सांगाड्याला चिकटून येतात त्याचे उरलेले तुकडे थिनरमध्ये विरघळवून त्यानं स्वतःच लुकण तयार केलं. काम पाहण्यासारखं होतं. हे सर्वांत आधी कानिफनाथनं ठरवलं आणि मग बाकीच्यांना ते कळत नाही हेही त्यानंच ठरवलं.

वर्कशॉपातल्या वीस फिटरांना तो फिटर मानत नव्हता. पाने धरणारे हमाल, असं त्याचं मत. फोरमन आसाराम एकदा घरी आला, कोनाड्यासमोर उकिडवा बसला आणि बराच वेळ पाहत राहिला.

"बॉनेट कुठं गेलं रं?"

"नसतं."

"नसतं म्हंजी? पाऊस आला तर?"

"अमेरिकेत असंच चालवत्यात."

"मग तिथं पाऊस पडत नसंल," आसाराम म्हणाला. "आन मागं ट्रॅक्टर, पुढं सायकल. कानिफ, ही मोटार हाय का उताराला लागलेला बैल?"

हा किस्सा आठवडाभर वर्कशॉपात फिरला. कानिफनाथनं आसारामला मनातल्या मनात बैल ठरवून विषय संपवला.

त्याच्या तिरस्काराचा मोठा वाटा मात्र राधाकृष्ण वाळुंजकडे जात असे. राधाकृष्ण कारखान्याच्या स्टोअरमध्ये कारकून होता. त्यानं काड्यापेटीच्या काड्यांचा अख्खा साखर कारखाना केला होता. आत बल्ब, वर दोन चिमण्या, आणि चिमण्यांतून कापसाचा धूर. लोक तो पाहायला रांगा लावत. कानिफनाथ एकदाच गेला होता.

"एका चिमणीचा धूर पुणतांब्याकडं चाललाय, दुसरीचा नगरकडं," तो तिथल्या तिथं म्हणाला होता. "वारा कुठनं येतोय ते तरी ठरीव, राधाकृष्णा."

राधाकृष्ण हसला होता. "खरंच की. ध्यानातच आलं न्हाई माझ्या."

माणूस असं हसून मान्य करतो म्हणजे त्याच्यात काहीच नाही, असा निष्कर्ष कानिफनाथनं काढला.

मग ऑगस्टमध्ये जाहिरात आली. लष्करी गाड्यांचं काम करणाऱ्या नगरच्या एका सरकारी कचेरीत मॉडेलर हवा होता. जागा एक. लाकडाच्या, प्लॅस्टिकच्या छोट्या गाड्या करायच्या, त्यांवरून मोठ्यांचा विचार होणार. अर्जदारानं 'स्वहस्ते तयार केलेला नमुना' घेऊन यायचं होतं. कानिफनाथला ती जागा आपल्या नावानंच काढलीय असं वाटलं. छत्तीस वर्षांच्या आयुष्यात त्याला कोणीतरी पहिल्यांदाच योग्य प्रश्न विचारला होता. ती जागा हुकली, तर उरलेली बावीस वर्षं आसारामच्या हाताखाली उसाच्या गाळपाचे पट्टे बदलण्यात जाणार, हेही त्याला स्वच्छ दिसत होतं. अर्ज दोघांनी केला, त्यानं आणि राधाकृष्णानं. मुलाखत दोघांना एकाच दिवशी आली.

दसऱ्याला सकाळी कारखान्याच्या आवारात ट्रक, ट्रॅक्टर, क्रेन धुऊन ओळीत उभ्या केल्या होत्या. झेंडूचे हार, हळदकुंकू, नारळ, आणि प्रत्येक चाकाखाली एक लिंबू. ट्रक पुढं घ्यायचा, लिंबू चिरडायचं, म्हणजे वर्षभर अपघात नाही.

"ब्रेक तपासले का ब्रेक?" कानिफनाथ मोठ्यानं म्हणाला. "का ते बी लिंबूच लावनार?"

"आज तरी गप बस," आसाराम म्हणाला. "तुज्या त्या खेळन्याला ठेव एक. उद्या नगरला चाललीय ती."

सगळे हसले. कानिफनाथही तुच्छतेनं हसला आणि घरी आला.

दिवेलागणीला रतनबाई शेजारी सोनं द्यायला गेली होती. घरात कोणी नव्हतं. कानिफनाथनं टोपलीतलं लिंबू घेतलं, वर्कशॉपच्या चाकूनं त्याचे दोन भाग केले. एक पुढच्या डाव्या चाकाखाली ठेवला. मोटार पाच-सहा तोळ्यांची, तिनं लिंबू चिरडेना. म्हणून त्यानं वरून अंगठ्यानं दाबलं. सालीचा रस उडाला, चाकावर ओघळला. दुसरा अर्धा भाग ठेवायच्या आत अंगणात पावलं वाजली आणि तो त्यानं खिडकीबाहेर टाकला. आपण हे का केलं, असं त्यानं स्वतःला विचारलं नाही. असे प्रश्न तो दुसऱ्यांना विचारत असे.

म्हणून उजवं चाक वाचलं होतं आणि डावं पाघळलं होतं.

पावणेसात वाजले होते. शर्यतीच्या गाडीची बारकी चाकं दोनच होती. कानिफनाथनं ट्रकचं एक चाक काढलं, ते कानशीनं घासून बारीक केलं, तरी ते उजव्यापेक्षा जाडच राहिलं. त्याला काळा रंग दिला असता तर वाळला नसता, म्हणून तसंच पांढरट ठेवलं. लुकण लावलं. ते धरायला वेळ लागतो, तोवर चाक दाबून धरावं लागतं. आणि आठ वाजत आले होते.

रतनबाईनं भाकरी बांधून दिली. "दोन लिंबं आणली हुती मी," ती म्हणाली. "एक उंबऱ्याला गेलं."

कानिफनाथनं भाकरी घेतली.

एस.टी.त दसऱ्याचे पाहुणे गच्च भरले होते. कानिफनाथ एका हातात मोटार, दुसऱ्या हाताचा अंगठा चाकावर, असा दाराशी तोल सावरत उभा होता. शेजारच्याच खिडकीपाशी राधाकृष्ण बसला होता. मांडीवर पुठ्ठ्याच्या खोक्यात कारखाना. त्यानं सरकून जागा केली.

"ये. आन ते हिकडं दे. धक्क्यानं उडंल."

"राहू दे."

"आरं दे की. मला काय काम हाय?"

वळणावर बस कलली, कानिफनाथला दांडी धरावी लागली आणि मोटार राधाकृष्णाच्या हातात गेली. त्यानं आपला कारखाना खाली पायांमध्ये ठेवला, गुडघ्यांनी धरला, आणि मोटारीच्या डाव्या चाकावर अंगठा ठेवून बसला. राहुरी गेलं, पुढचे थांबे गेले. अंगठा हलला नाही.

"किती वेळ धरायचं?"

"वाळंस्तोवर."

"लई भारी केलीय," राधाकृष्ण म्हणाला. "खरं सांगतो. बॉनेट नसल्यानं इंजान कसं दिसतंय बघ. पन ह्या चाकाला झालं काय?"

"बायकोनं लिंबू ठेवलं."

राधाकृष्णानं च्यक् केलं. कानिफनाथ वाकून खोक्यात पाहत होता. कारखान्याच्या दोन्ही चिमण्यांचा धूर आता एकाच दिशेनं चालला होता. त्याला बरं वाटलं नाही. कापूस तो कापूसच, असं म्हणून त्यानं मान वळवली. नगरला उतरताना त्यानं मोटार घेतली. आभार मानायचे राहून गेले, कारण ते मानायचे असतात असं त्याला वाटलं नव्हतं.

अकरा वाजून दहा मिनिटांनी त्याला आत बोलावलं. साहेब पुण्याकडचे, चष्मेवाले, फारसं न बोलणारे. त्यांनी मोटार डोळ्यांच्या रेषेत धरली, इंजिन पाहिलं, गाळणीची जाळी नखानं खरवडली, रिफिलच्या नळ्या मोजल्या.

"तीन किटांमधून?"

"व्हय साहेब."

"सांधा दिसत नाही. चांगलं काम आहे." मग ते पुढच्या डाव्या चाकाशी थांबले. "हे काय?"

"घरात दसऱ्याची पूजा... मंडळींनी लिंबू ठेवलं, साहेब. अडाणी हायेत. चाक खराब झालं, सकाळी बदललं."

"सालीतल्या तेलानं हे प्लॅस्टिक विरघळतं. मोसंबीच्या सालीनंसुद्धा." साहेबांनी टेबलावरचं भिंग घेतलं. "आणि हा ठसा?"

कानिफनाथनं वाकून पाहिलं. लुकणानं मऊ झालेल्या चाकावर अंगठ्याचा ठसा उमटला होता, रेषा न् रेषा, आणि तसाच वाळला होता.

"तुमचाच ना?"

"व्हय साहेब."

"सगळं काम स्वहस्ते?"

"एकट्यानं."

साहेबांनी मान हलवली. "उजव्या हाताचा अंगठा दाखवा."

कानिफनाथनं दाखवला. साहेबांनी त्यावर भिंग धरलं, मग चाकावर, मग पुन्हा अंगठ्यावर. कागदावर दोन ओळी लिहिल्या. "नमुना इथंच राहील. पुढच्या उमेदवाराला पाठवा."

बाहेर बाकावर राधाकृष्ण रुमालानं अंगठा पुसत होता. अंगठ्याला लुकणाचा पांढरा पापुद्रा धरला होता.

"काय विचारत्यात?" त्यानं विचारलं.

"काय न्हाई," कानिफनाथ म्हणाला. "जा. आन हात खिशात घालून बस."

"का रं?"

"साहेबांना तसं आवडतं."

राधाकृष्ण हसला, दोन्ही हातांनी कारखाना उचलला आणि आत गेला. खोकं धरल्यावर हात खिशात जाणं शक्य नव्हतं, हे कानिफनाथला दार लागल्यावर सुचलं. राधाकृष्ण वीस मिनिटं आत होता. बाहेर आला तेव्हा तो हसत नव्हता. त्यानं कानिफनाथकडे पाहिलं, मग आपल्या अंगठ्याकडे.

"मला ठसा इचारला," तो म्हणाला.

"मग?"

"खरं ते सांगितलं. एस.टी.त धरून बसलो हुतो म्हनून." मग तो म्हणाला, "आन तू त्यांना काय सांगितलंस, कानिफ?"

कानिफनाथ एस.टी. स्टँडच्या दिशेनं चालू लागला. राधाकृष्णाला काय कळतं, असं त्याला वाटायला हवं होतं. त्यानं तसं वाटून पाहिलं.

दिवाळीनंतर कचेरीचं पत्र आलं, दोघांनाही, एकाच मजकुराचं. दोन्ही उमेदवारांनी सहा डिसेंबरला सकाळी दहा वाजता पुन्हा यावं. नमुना आणू नये. काम समोर करून दाखवायचं आहे. कानिफनाथनं ते पत्र कोनाड्यात, मोटारीच्या रिकाम्या जागी ठेवलं. रतनबाईनं ते वाचून घ्यायचा हट्ट धरला नाही. तिनं त्या दिवसापासून लिंबं मोजून आणायला सुरुवात केली होती आणि उरलेली त्याच्यासमोर पुन्हा मोजून ठेवत होती.

तीन डिसेंबरला लढाई सुरू झाली. चारला कचेरीची तार आली, मुलाखत पुढं ढकलल्याची. नवी तारीख तारेत नव्हती. नगरहून आलेल्या एका शिपायानं सांगितलं की दोन्ही नमुने अजून साहेबांच्या काचेच्या कपाटात आहेत, शेजारी शेजारी, आणि मोटारीचं पुढचं डावं चाक पुन्हा निखळून कारखान्याच्या चिमणीपाशी पडलं आहे. ते कोणी उचललेलं नाही.