चार महिन्यांपुरती

मावशी कवळ्या करायची. दातांच्या दवाखान्यांतून प्लास्टरचे साचे यायचे. त्यांवर मेणात एकेक दात बसवायचा, वरचा खालच्याशी जुळतो का ते डोळ्यांत तेल घालून पाहायचं. तिच्या हातची कवळी कधी टोचत नाही, असं डॉक्टरही म्हणत.

तिची थोरली बहीण गेली तेव्हा बहिणीची मुलगी दोन वर्षांची होती. भाऊजी जहाजावर मेकॅनिक. मुलीला कडेवर घेऊन ते मावशीच्या दारात उभे राहिले. "चार महिन्यांपुरती ठेव. परत आलो की नेतो." ते आले, आठवडाभर राहिले आणि पुन्हा गेले. असं करता करता वर्षं उलटली. माणूस वाईट नव्हता. फोन करायचा, वाढदिवसाला न चुकता खेळण्यांचा खोका पाठवायचा. पोरगी मात्र घरभर अशी गरगर फिरायची की मावशीनं तिचं नाव भिंगरी ठेवलं. लग्नाचं कुणी काढलं की मावशी हसून म्हणायची, "माझ्या पदरात आधीच एक आहे, तिलाच आवरता आवरत नाही."

भिंगरी सहा वर्षांची असताना शाळेच्या मुख्याध्यापिकांनी मावशीला बोलावून घेतलं. "पालक म्हणून तुमची सही मी चालवून घेतेय. पण एकदा वकिलांना भेटा. वडील राजी आहेत तोवर पालकत्वाचे कागद करून घ्या."

"अहो बाई, घरातल्या घरात कसले कागद?"

भाऊजींपुढे असा विषय काढायचा म्हणजे त्यांच्यावर संशय घेतल्यासारखं. तिच्या अगदी जिवावर आलं. ते राहिलं ते राहिलंच.

भिंगरी दहा वर्षांची झाली त्या वर्षी भाऊजी जहाज सोडून कायमचे परतले. दुसरं लग्न केलं होतं. नव्या बायकोला घेऊन आले, खुर्चीच्या कडेवर अवघडून बसले.

"तुझे उपकार जन्मात फिटायचे नाहीत. पण आता तिला घरी नेतो."

"मग हे काय आहे, भाऊजी? धर्मशाळा?"

भाऊजींनी मान खाली घातली. रविवारी न्यायला येतो, एवढंच बोलून ते उठले.

मावशीनं भावाला फोन केला. दादा तडकलाच. "हातची पोर सोडतेस की काय? माझ्याकडे घेऊन ये. चार दिवस शोधतील, कंटाळतील." मावशीला तेवढाच आधार वाटला. भिंगरीला घेऊन ती दादाच्या गावी गेली, फोन बंद करून ठेवला. एकोणीस दिवस. शाळा बुडाली. भिंगरी रोज विचारायची, "आपण बाबांपासून लपलोय का गं?" 

परतली तर कोर्टाची नोटीस येऊन पडली होती. तेव्हा कुठे ती वकिलांचा जिना चढली. वकीलबाईंनी नोटीस दोनदा वाचली, चष्मा कपाळावर सरकवला.

"मुलीला लपवायचा सल्ला कुणी दिला?"

"दादानं."

"वकील आहेत?"

"नाही. पडद्यांचं दुकान आहे त्याचं."

वकीलबाईंनी सुस्कारा सोडला. "आठ वर्षं तुम्ही तिला वाढवलंत, ही केवढी मोठी बाजू होती तुमची! त्या एकोणीस दिवसांनी तुम्ही त्यांच्या हाती आयतं कोलीत दिलंत. मुख्याध्यापिका बोलल्या तेव्हा यायचं होतं. निदान भाऊजी दारातून बाहेर पडले त्या संध्याकाळी तरी."

"आता काहीच नाही होणार?"

"भांडू आपण. पण खोटी आशा नाही लावणार मी तुम्हाला."

न्यायाधीशांनी भिंगरीला आत एकटीला बोलावलं. बाहेर बाकावर एका टोकाला मावशी, दुसऱ्या टोकाला भाऊजी.  आठ वर्षांचा घरोबा, पण कुणी कुणाला पाणीसुद्धा विचारलं नाही.

निकाल लागला. मुलगी वडिलांकडे राहील. एकाआड एक शनिवारी, दहा ते पाच, मावशीकडे. "धागा तुटला नाही, एवढं तरी पदरात पडलं," वकीलबाई म्हणाल्या. मावशीनं मान हलवली. तिच्या कानात फक्त दहा ते पाच एवढंच घुमत होतं.

पहिल्या शनिवारी भिंगरी आली. चपला नीट जोडून ठेवल्या, पाहुण्यासारखी बसली. गरगर फिरली नाही. जेवणं झाल्यावर म्हणाली, "तिथल्या काकू चांगल्या आहेत."

"बरं झालं गं."

"मावशी, मी कोर्टातल्या साहेबांना सांगितलं, कुणालाच वाईट वाटणार नाही असं करा. कुणाचंच नाव नाही घेतलं. तुझं घ्यायला हवं होतं का?"

मावशीनं तिला कुशीत ओढलं. "नाही, सोन्या. तुझं काही चुकलं नाही. मोठ्यांची कामं मोठ्यांनी वेळेवर करायची असतात. मी केली नाहीत."

भिंगरी तिच्या मांडीवर डोकं ठेवून झोपून गेली. मावशीच्या पायाला मुंग्या आल्या, तरी ती हलली नाही. पावणेपाचला तिनं भिंगरीला उठवलं, तोंड धुवायला लावलं, केस विंचरून घट्ट वेणी घातली. खाली भाऊजी वेळेच्या आधीच येऊन उभे होते.