बुधवारची हिरवी केळी

घाटाखालच्या त्या वस्तीशाळेत पोरं चौसष्ट, गुरुजी एक आणि केळ्यांचे मालकही एकच: काकासाहेब. पोरांना आठवड्यातून एकदा अंडं द्यायचं, नाहीतर केळं, असं वरून आलं तेव्हा ग्रामसभेत सगळ्यांत आधी तेच उठले होते. "आपलं गाव माळकऱ्यांचं. अंड्याचा वास शाळेत नको." ठराव झाला, केळी पुरवायचं काम त्यांनाच मिळालं, आणि त्या आनंदात त्यांनी फर्दापूरच्या नाक्यावर दोन अंड्यांचं आम्लेट खाल्लं. बघणारे बरेच होते. बोलणारं कोणी नव्हतं.

केळी बुधवारी अकराला यायची. मोठ्या व्यापाऱ्यांनी रावेरकडच्या मळ्यांत बाजूला टाकलेली, बोटाएवढी, हिरवीगार आणि दगडासारखी. बद्रीनाथ सर पोरांना ओळीत बसवायचे, एकेकाच्या हातात एकेक केळं द्यायचे, "वर धरा, हसा" म्हणायचे आणि मोबाइलवर फोटो काढून लगेच वर पाठवायचे. फोटो गेला की केळी गोळा. "कच्ची आहेत रे. पिकली की देऊ." मग क्रेट ऑफिसशेजारच्या खोलीत आणि खोलीला कुलूप. शुक्रवारी शाळा सुटल्यावर काकासाहेबांची गाडी यायची आणि क्रेट घेऊन जायची. "बदलून आणतो," असं ते म्हणत. आणत मात्र पुढच्या बुधवारी, पुन्हा हिरवीच.

शाळेत खिचडी शिजवायला सारजाबाई होती, गेली नऊ वर्षं. रोज दोनला भांडी पालथी घालून ती घरी जायची. शुक्रवारच्या संध्याकाळचं तिला काय ठाऊक? सांगितलं ते तिच्या हाताखालच्या कमरुन्निसानं. भांडी घासता घासता, मान वर न करता.

"सारजाबाई, एक बात बोलू? शनिवारी आमच्या ह्यांच्या गाड्यावर जी केळी असतात ना, लेणी बघायला येणाऱ्यांना विकायला... ती काकासाहेब देतात, पावडर मारून पिवळी केलेली. काल क्रेट धुवायला घेतला, तर तळाला आपल्या शाळेचा खडू निघाला."

"तुझ्या हैदरला ठावं हाय?"

"त्यांना काय ठावं? घाऊकचा माल समजून घेतात. मी सांगितलं तर धंदा बंद. नाय सांगितलं तर..." तिनं घासलेलं पातेलं पुन्हा घासायला घेतलं.

सारजाबाईला राग आला तो आधी स्वतःचाच. गेल्याच बुधवारी पहिलीतल्या एका पोरीनं केळं परत देण्याआधी सालीसकट चावलं होतं. चिकानं ओठ काळे पडले, जीभ आखडली, आणि सर तिलाच रागावले: "घाई कसली गं? पिकल्यावर मिळणारच आहे." आजवर एकदाही मिळालं नव्हतं, तरी सारजाबाईला ते खरं वाटलं होतं. रडणाऱ्या पोरीला तिनंच मांडीवर घेऊन गप्प केलं होतं.

पुढच्या बुधवारी फोटो निघाला. सरांनी नेहमीप्रमाणं खोलीची चावी सारजाबाईकडं दिली आणि ते आपला डबा घेऊन ऑफिसात गेले. ते दार लावून जेवत. पोरांच्या ताटात काय पडतं हे बघायची त्यांना कधी गरज वाटली नव्हती. सारजाबाईनं रिकाम्याच खोलीला कुलूप लावलं आणि क्रेट चुलीपाशी नेले. हाताला तेल चोळलं आणि विळीवर बसली. कमरुन्निसानं तिच्याकडं पाहिलं आणि कोपऱ्यातली दुसरी विळी ओढली. लसूण, तिखट, दोन मुठी शेंगदाण्याचं कूट. त्या दिवशी खिचडीसोबत केळ्याची भाजी झाली आणि चौसष्ट ताटं पुसून काढल्यासारखी स्वच्छ झाली. पहिलीतल्या पोरीनं तीनदा मागून घेतली. घरी जाताना सारजाबाईनं चावी नेहमीसारखी सरांना परत दिली.

शुक्रवारी काकासाहेबांनी सरांना कुलूप उघडायला लावलं. खोली मोकळी.

"सर, माल कुठंय?"

सरांनी खोलीकडं पाहिलं, मग सारजाबाईकडं. ती त्या दिवशी घरी गेलीच नव्हती. पायरीवर बसून तांदूळ निवडत होती.

"पोटात हाय," ती म्हणाली. "चौसष्ट पोटांत."

"काय?"

"भाजी केली. कच्ची व्हती, तुम्हीच म्हणता ना?"

"अगं, केळं फळ म्हणून द्यायचं असतंय! भाजी नियमात बसत नाय!"

"अन् लेण्यावर विकलं की बसतंय व्हय?"

काकासाहेबांचे कान लाल झाले. "सर, लिहा अर्ज. बाईनं केळी चोरली म्हणून लिहा. आत्ताच्या आत्ता हिला काढा."

सरांनी कागद ओढला. शाळेचं नाव, तारीख, विषय, सगळं वळणदार अक्षरात. मग पेन थांबलं.

"काय झालं?"

"बुधवारी केळी वाटली, पोरांनी खाल्ली, असं मी फोटोसकट वर कळवलंय. तीच शुक्रवारी चोरीला गेली, असं कसं लिहू?"

"मग दुसरं कायतरी लिहा की!"

"तुम्ही सांगा, काय लिहू?"

काकासाहेबांनी पेन स्वतःकडं ओढलं, कागदावर टेकवलं आणि परत सरांकडं सरकवलं.

सारजाबाई सूप बाजूला ठेवून उठली. "म्या सांगते, लिवा. लेकरांना दिलेलं लेकरांनी खाल्लं, म्हणून बाईला काढली. लिवा अन् दोघं सह्या करा."

"तोंड सांभाळ, सारजाबाई!"

"नऊ वर्सं सांभाळलं! तुमच्यापायी म्या त्या पोरीला गप केलं, काकासाहेब. पिकल्यावर मिळंल म्हणलं. गुराफुडं टाकलेली वैरण कुणी माघारी उचलत नाय, अन् तुम्ही लेकरांच्या हातातलं उचलता?"

काकासाहेबांनी पायरीपाशी ठेवलेल्या रिकाम्या क्रेटला लाथ मारली. क्रेट तिथंच टाकून ते गाडीत बसले आणि गेले.

सरांनी कागदाच्या चार घड्या करून तो खिशात घातला. "सारजाबाई, पण मला न विचारता पुन्हा असं करू नका. आणि वरून कोणी आलंच, तर फळच दिलं म्हणा."

"म्या कशाला म्हणू? तुम्हीच म्हणा. तुमाला सवय हाय." तिनं हात पुढं केला. "चावी द्या. आजपासनं खोलीची चावी माझ्याकडं."

सरांनी चावी दिली.

फाटकापाशी कमरुन्निसा थांबली होती. तिनं सगळं ऐकलं होतं. "गेले ना तोंड घेऊन! आता तर हसा, सारजाबाई."

सारजाबाई हसली नाही. बोटांच्या पेरांवर तिचा अंगठा फिरत होता. "ह्याच्या आधीचे सतरा बुधवार झाले, कमरू. दर बुधवारी चौसष्ट. हजाराच्या वर केळी. ती कोण देनार लेकरांना माघारी?"

कमरुन्निसानं पदर तोंडाशी धरला. त्यातली किती डझन आपल्या गाड्यावरून गेली, हे तिच्याइतकं कोणालाच ठाऊक नव्हतं.